ऐकू आलेली थाप

४ फेब्रुवारी, सोमवार
दुपारची सुट्टी, एक्स-रे विभाग

बारके,

तुझा पत्ता आईच्या डायरीतून उतरवून घेतला. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. माझा फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, तेव्हा उरला पोस्टमन. त्याच्यावर राग काढू नकोस, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष.

विशेष असं काही नाही. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आता तिला घरातली सगळी जळमटं दिसतात आणि एकेक करून ती मला दाखवते. माझं काम तेच. दिवसभर लोकांना सांगायचं, हलू नका, श्वास रोखा, झालं. सध्या मलाच एका जागी बसवत नाही. या चार ओळी लिहिताना दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले.

बरं, बातमी अशी की सर आपला स्वसंरक्षणाचा क्लास सोडतायत. उभं आयुष्य लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं त्यांचं, आणि क्लास मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. आता जिन्यात तीनदा थांबतात. एप्रिलअखेर मुलाकडे राहायला जाणार. परवा सगळे गेल्यावर मला म्हणाले, "पुढं तू बघ." मी म्हटलं, बघते. हॉलच्या कमिटीकडे माझं नाव गेलंय, किल्लीही माझ्याकडे आलीय. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी. वीसेक माणसं येतात. त्या हिरव्या चटया अजून स्टेजखालून ओढून काढायच्या आणि नंतर परत ढकलायच्या.

मला वाटलं, तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी कळवावं. बस, एवढंच.

तुझा हात कसा आहे? त्या अपघाताला मार्चमध्ये तीन वर्षं होतील. कात्री धरता येते का अधूनमधून? आई म्हणाली, तू आता फोनवर तक्रारी ऐकून घ्यायचं काम करतेस. तुला ते जमत असेल, पूर्वी गिऱ्हाइकांचे केस कापताना तू त्यांचं सगळं ऐकून घ्यायचीसच.

उत्तराची घाई नाही. पण दे.

ताई


११ फेब्रुवारी, सोमवार

बारके,

एका आठवड्यात उत्तर येत नसतं, हे मलाही कळतं. तरी जिन्यातल्या पत्रांच्या पेटीत दिवसातून तीनदा हात घालते. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटतंय, मी त्यांची पत्रं चोरते.

क्लासात एक नवीन बाई आलीय. शहरातली बस चालवते, म्हणून सगळे तिला ड्रायव्हरबाई म्हणतात. चांगली धिप्पाड आहे, मनगट माझ्या दोन मनगटांएवढं. पण पालथं झोपवून मी तिचा हात धरला की मी काही करायच्या आत चटईवर थाप मारते.

"अहो, मी अजून काही केलंच नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच मारली. केल्यावर मारून काय उपयोग?"

सगळे हसले. मग उठता उठता तिनं हळूच विचारलं, "थाप मारली की सोडतातच ना? नक्की?"

"हा इथला पहिला नियम. समोरच्यानं थाप मारली की त्या क्षणी हात सुटलाच पाहिजे. त्या भरवशावरच आपण एकमेकांच्या हातात हात देतो."

"आणि नाही सोडला कुणी, तर?"

मी पाणी प्यायला गेले. परत आले तर आपले दातवाले डॉक्टर तिला समजावत होते. तू असताना ते नवे होते, आता चांगले तयार झालेत. म्हणत होते, "बाई, सोडण्याची काळजी करू नका. थाप मारण्याची करा. या ताईंची बहीण होती इथं. ताईंपेक्षाही सरस. काळ्या पट्ट्याची परीक्षा महिन्यावर आली होती. पण हट्टी. दुखत होतं तरी थाप मारली नाही, आणि खांदा निखळला. होतं तेवढं सगळं गेलं."

ड्रायव्हरबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी चटई सरळ केली. ती आधीच सरळ होती.

तुला हे सांगायला नको होतं, पण लिहून गेले. तू आमच्या क्लासची गोष्ट झालीयस. नवीन कुणी आलं की पहिल्या आठवड्यात त्याला ती सांगतात. आधी सर सांगायचे, आता डॉक्टर सांगतात. मी तिथंच उभी असते. कधीकधी मान हलवते.

ताई


२३ फेब्रुवारी, शनिवार

बारके,

तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. आई म्हणते, घरात कागद उरले नाहीत, यादी कशावर करू.

तुझा खांदा निखळला त्या दिवशी शेजारच्या खोलीत टेबल टेनिसच्या मॅचेस होत्या. आठवतं? चार टेबलं, पोरांचा आरडाओरडा. थाप ऐकू येणं कठीण होतं, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले.

आणखी एक गोष्ट आठवते का बघ. वर्ग सुरू होण्याआधी आपण दोघी हात मागं वळवून दाबायचा तोच डाव करून बघत होतो. सर आणि इतर पाचसहा जण बघत उभे होते. तू हसत म्हणालीस, "ताई, तू अजून खांद्यानं ढकलतेस. कमरेतून ये." सर म्हणाले, "बरोबर बोलली. हिच्याकडून शीक."

तुला क्लासात मी आणलं होतं. माझ्या दोन वर्षांनंतर. पहिल्या दिवशी तुझा पट्टासुद्धा मी बांधला होता. तुझ्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तू तर गिऱ्हाइकांनाही असंच सांगायचीस, मान जरा इकडे, हां, आता छान.

यापुढं आज लिहिता येत नाही. बाहेर पाच पेशंट बसलेत.

ताई


९ मार्च, शनिवार

बारके,

आज सकाळी क्लासात जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. घरी न जाता थेट हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये येऊन बसलेय. घरी गेले तर पुन्हा फाडेन.

वर्ग मी घेत होते. सर कोपऱ्यात खुर्चीवर होते. जोड्या लावल्या, त्यात डॉक्टर आणि ड्रायव्हरबाई एकत्र आले. मी दाराशी दोन नवख्यांना पडायला शिकवत होते. एकदम ड्रायव्हरबाई ओरडली. वळून पाहिलं तर ती उठून बसलेली, मनगट छातीशी धरलेलं, डोळ्यांत पाणी.

"मी थाप मारली होती."

"मला नाही ऐकू आली," डॉक्टर म्हणाले.

"दोनदा मारली."

"अहो बाई, ऐकू आली असती तर सोडलं नसतं का? शेजारी केवढा गोंगाट चाललाय. तुम्हीच बहुतेक हळू मारली असेल." मग ते माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा यांना. तुम्हाला तर अनुभव आहे."

जवळपासचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जवळ जाऊन आधी तिचं मनगट पाहिलं. बोटं हलवायला लावली. मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. मग म्हटलं, "त्यांनी थाप मारली."

"तुम्ही ऐकली?"

"नाही. मी दाराशी होते. पण त्या म्हणतायत ना."

"असं कसं, ताई? नंतर कुणीही म्हणेल. तुमच्या बहिणीचंच घ्या, तीही नंतर म्हणतच होती की—"

"माझ्या बहिणीनं मारली होती."

हॉलमध्ये बाकीचे सराव करत होते ते थांबले. मला वाटलं, माझा आवाज फुटेल, पण नाही फुटला. पेशंटला सांगते तसा सपाट निघाला. "दोनदा मारली होती. माझ्या गुडघ्याशेजारी. गोंगाट होता, पण मला ऐकू आली. ऐकून मी हात धरून ठेवला. ढकललाही."

आता तुला सांगते. किती वेळ, हे मी पुष्कळदा मोजून पाहिलंय. एक श्वास. आत घेतला, तोपर्यंत तू दोनदा थाप मारली होतीस. सोडताना मी पुढं झुकले. मनात शब्दसुद्धा नव्हते, फक्त एवढंच होतं की हिला कळू दे. काय कळू दे? ते मला आजही सांगता येत नाही. मग तुझ्या खांद्यातून तो आवाज आला आणि मी हात सोडला, तोवर सोडण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

सरांनी विचारलं, काय झालं. तू कळवळत होतीस, तुला बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, "हिनं थाप मारलीच नाही." विचार करून नाही बोलले. पण नंतर तीन वर्षं जे बोलले, ते सगळं विचार करून.

तू चटईवर थाप मारलीस. मी सगळ्यांना मारली. दोन्हीला आपल्याकडे एकच शब्द आहे.

आणि तुझा एक्स-रेही मीच काढला. तू टेबलावर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होतीस, आणि मी तुला म्हणाले, हलू नकोस.

पुढच्या महिन्यात काळ्या पट्ट्याची परीक्षा मी एकटीनं दिली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, घरात एवढं होऊनही हिनं सराव सोडला नाही.

हे पत्र आत्ता, इथून उठून, समोरच्या पेटीत टाकतेय.

ताई


१७ मार्च, रविवार

बारके,

तू उत्तर दे असं आता म्हणत नाही. पण पुढं काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते. तुझीच गोष्ट आहे ती.

त्या दिवशी सर खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "आज इथंच थांबू." चटया उचलल्या गेल्या. डॉक्टर ड्रायव्हरबाईला बर्फ आणून देऊन निघून गेले. सर मला म्हणाले, "थांब."

रिकाम्या हॉलमध्ये आम्ही दोघंच. ते खिडकीतून खालचं टायरचं दुकान बघत होते.

"मी तिला काय बोललो होतो, आठवतं?"

"हो."

"सांग."

"थाप मारायला लाज वाटत असेल तर घरी बस, असं म्हणालात."

"त्यावर ती काय म्हणाली?"

"सर, मी मारली होती."

"आणि मग मी?"

त्यांनीच सांगितलं. "मी म्हणालो, खोटं बोलू नकोस. खांदा निखळलेल्या मुलीला. गळ्यातल्या झोळीत हात अडकवून मुद्दाम मला भेटायला आली होती ती, तेव्हा."

मग त्यांनी हात पुढं केला. मला वाटलं, जिना उतरायला आधार हवाय. "किल्ली," ते म्हणाले.

मी दिली.

"कमिटीला मी कळवतो. तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ये. पण कुणाचा हात धरायचा नाहीस. लोक तुला पाडतील, तू पडायचंस. मी सांगेपर्यंत."

"तुम्ही तर एप्रिलमध्ये जाणार."

"मग बघू कोण सांगतं ते," म्हणाले, आणि कठड्याला धरून उतरले.

तेव्हापासून मी जाते. चटया घालते, पडते, उठते, पुन्हा पडते. अर्धे लोक माझ्याशी बोलत नाहीत. डॉक्टरांनी ड्रायव्हरबाईची माफी मागितली. माझ्याशी जोडी मात्र लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ड्रायव्हरबाई लावते. मनगटाला पट्टा बांधून, डाव्या हातानं मला फेकते आणि वर वाकून विचारते, "लागलं का हो?" लागलेलं असतं. नाही म्हणते.

आईला मंगळवारी सांगितलं. मटार सोलत बसली होती. मला वाटलं होतं, ओरडेल. ती सोलतच राहिली. मग म्हणाली, "आता कशाला सांगितलंस?"

"म्हणजे?"

"म्हणजे आता मी काय करू? दोन्ही मावश्यांना सांगून झालं, हट्टी आहे म्हणून. शेजारी सांगून झालं. तिला स्वतःला म्हटलं मी, ताई तुझ्यामुळं रडतेय, तिची माफी माग. त्याच संध्याकाळी तिनं बॅग भरली. मी तिला अडवलंसुद्धा नाही. म्हटलं, जाऊ दे, डोकं थंड झालं की येईल." मटारचं ताट बाजूला सारलं. "मुलगी खरं बोलत होती, आणि मी तिला माफी मागायला लावत होते. तुझं तू बघ. माझं मी काय तोंड घेऊन बघू?"

आज पाच दिवस झाले. जळमटंसुद्धा दाखवत नाही. स्वयंपाक करते, ताट ठेवते, आत जाते. आम्ही दोघी एका घरात इकडून तिकडे फिरत असतो, जणू काही हरवलंय आणि काय हरवलंय ते आठवत नाही.

ताई


२ एप्रिल, मंगळवार

बारके,

तुझं कार्ड आईला मिळालं. तिनं मला वाचून दाखवलं, डोळे चांगले झालेत म्हणून आता सगळं मोठ्यानं वाचते. शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. संध्याकाळी सहाच्या गाडीनं परत. ताई घरात नको.

शेवटची ओळ वाचताना तिचा आवाज बारीक झाला. म्हणाली, "मी काय करू, तिनं लिहिलंय तसं वाचलं."

मी म्हटलं, बरोबर लिहिलंय.

मी सकाळी आठलाच निघेन आणि सहा वाजून गेल्यावर येईन. रस्त्यातही दिसणार नाही. ग्लास, डबे, तुझा आवडता मोठा कप वरच्या फळीवर असायचे ते खाली आणून ठेवलेत, हात वर करायला नको. बाथरूमचा नळ उजवीकडे फिरवला की बंद होतो, बदललाय. आईला ऑपरेशननंतर कांदा चिरायचा नाही, ती ऐकत नाही, तू सांग.

माझी पत्रं मिळाली का, त्याबद्दल कार्डात काही नाही. नसू दे.

ताई


६ एप्रिल, शनिवार
बसमध्ये

अक्षर असं का आहे ते कळेलच. गाडी हलतेय.

आठ वाजता बाहेर पडले आणि कुठं जायचं तेच कळेना. क्लासच्या हॉलपर्यंत गेले. सरांनी आज कुणाला तरी शिकवायला उभं केलं होतं. दारातून वळले. बागेत बसले, उठले. हॉस्पिटलात गेले, तर पोरी म्हणाल्या, ताई, रजेच्या दिवशी काय करताय, घरी जा. घरी जा म्हणे.

शेवटी दहा वाजता रस्त्यात ड्रायव्हरबाईची बस समोर आली. मनगट बरं झाल्यावर या आठवड्यात कामावर रुजू झालीय. माझं तोंड बघून म्हणाली, "कुठं जायचंय?"

"कुठंच नाही."

"मग बसा. दिवसभर तिथंच जायचंय मला."

तेव्हापासून तिच्या मागच्या सीटवर आहे. या टोकाकडून त्या टोकाला पन्नास मिनिटं. प्रत्येक फेरीत बस आपल्या गल्लीच्या तोंडावरून जाते. आत्तापर्यंत सहा वेळा गेली. पहिल्या वेळी मी मान खाली घातली. दुसऱ्या वेळी पाहिलं. आपल्या स्वयंपाकघराची खिडकी तिथून दिसते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. चौथ्या वेळी खिडकी उघडी होती. पाचव्या वेळी आईची साडी वाळत होती आणि तिच्या शेजारी एक निळा टॉवेल. आपल्याकडे निळा टॉवेल नाही. म्हणजे तू आली आहेस.

सहाव्या वेळी मी उठून दारापर्यंत गेले. ड्रायव्हरबाईनं आरशातून पाहिलं. "ताई, तिनं नको म्हटलंय ना?" तिला मी सगळं सांगितलंय. मी परत येऊन बसले.

आत्ता चार वाजून पाच मिनिटं झालीत. शेवटच्या थांब्यावर उभे आहोत. ती उतरून चहा पितेय. माझ्यासाठीही आणला होता, तो गार झाला. एक खरं सांगते. मी आज घराबाहेर राहिले ते तू सांगितलंस म्हणून, पण पोटात कुठंतरी असंही होतं की तू हे बघशील, आई तुला सांगेल, बघ कशी दिवसभर वणवण करतेय. म्हणजे अजूनही मी

फोन वाजला. आईचा होता.

लिहून ठेवते, नाहीतर गल्लीपर्यंत पोचेस्तोवर मलाच खरं वाटणार नाही. आई म्हणाली, "कुठं आहेस?" मी म्हटलं, लांब आहे, काळजी करू नकोस, सहा वाजेपर्यंत येत नाही. ती म्हणाली, "अगं, ते नाही. ही म्हणतेय..." आणि मग तिला नीट सांगता येईना, मागून तुझा आवाज आला. तीन वर्षांनी. जाड झालाय थोडा.

"तिला म्हणावं, यायचं तर ये. पत्रं वाचलीत सगळी. तिचं बोलून झालंय. आता ती गप्प बसेल आणि मी बोलेन. मध्ये एक शब्द काढायचा नाही. जमणार असेल तर ये."

आईनं तेच शब्द मला पुन्हा सांगितले, जणू मी ऐकलेच नव्हते. शेवटी विचारलं, "काय सांगू तिला?"

मी म्हटलं, येते.

ड्रायव्हरबाईला हाक मारली. ती चहा टाकून चढली, दार लावलं. बस सुटायला अजून चार मिनिटं आहेत, पण सुटलीय. गल्लीपर्यंत वीस मिनिटं. तुला बोलायला तासभर मिळेल, स्टेशनचा रस्ता धरून थोडा जास्त. मी शेजारून चालेन.

लिहिणं इथं बंद करते.